न विकलेलं मिनिट

१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षं आकाशवाणीनं आपला वेळ कुणाला विकला नव्हता. आता साबण, दंतमंजन, चहा, डोकेदुखीच्या गोळ्या, कापडगिरण्या, ज्याच्याकडे पैसे असतील त्याला दहा, पंधरा, तीस सेकंद विकत मिळू लागले. दुकान उघडलं, पण दुकानाच्या नियमावलीत एक कलम होतं. ज्या जाहिरातीचा हेतू संपूर्णपणे किंवा मुख्यत्वे धार्मिक अथवा राजकीय असेल, ती घ्यायची नाही. देवस्थान असो, दर्गा असो, मठ असो की चर्च, हे कलम सगळ्यांना सारखंच लागू होतं.

अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावात रविवारच्या उपासनेची वेळ, नाताळचा कार्यक्रम किंवा मुलांचं उन्हाळी शिबिर स्थानिक रेडिओवरून पैसे भरून जाहीर करणं ही चर्चसाठी रोजची बाब आहे. कोल्हापुरात ते कधी घडलं नाही, आणि आजही घडत नाही. हा इतिहास त्यामुळे न घडलेल्या गोष्टीचा आहे. पण ती न घडल्यामुळे जे घडलं, ते ध्यानात घेण्याजोगं आहे. इथल्या पेठांत आणि खेड्यांत दीडशे वर्षांहून अधिक काळ राहिलेली ख्रिस्ती मंडळी रेडिओवर जवळजवळ मुकी राहिली, आणि येशूचं नाव घेणारा जो आवाज रात्री रेडिओच्या गोल बटणाखाली सापडायचा, तो समुद्रापलीकडून यायचा.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनची सुरुवात १८५२ सालची. रॉयल गूल्ड वाइल्डर नावाचा पाळक अहमदनगरहून घाट उतरून-चढून संस्थानात आला. त्याला इथं कुणी बोलावलं नव्हतं. हे ब्रिटिश मुलखातलं शहर नव्हतं, छत्रपतींची गादी होती आणि अंबाबाईचं क्षेत्र होतं. या माणसाला घालवून द्या, अशी मागणी झाल्याचं मिशनच्याच लिखाणात आहे. तो राहिला. बाजारात उभा राहून बोलू लागला, आणि शाळा काढू लागला.

या दोन कामांतलं खरं काम कोणतं, यावरून त्याचं स्वतःच्याच लोकांशी वाजलं. त्याला पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सूत्रधार रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचं मत पक्कं होतं. मिशनऱ्यानं लोकांच्या भाषेत उपदेश करावा, शाळांच्या, त्यातही इंग्रजी शाळांच्या पसाऱ्यात अडकू नये. वाइल्डरला हे मान्य नव्हतं. चव्हाट्यावरचा उपदेश वाऱ्यावर जातो, शाळेत बसलेलं मूल पुढची चाळीस वर्षं गावात राहतं, असा त्याचा एकंदर रोख. तो १८५७ मध्ये अमेरिकेला परतला, बोर्डानं कोल्हापूरचं काम आवरलं, आणि या गृहस्थानं हिंदुस्थानातल्या मिशन-शाळांची बाजू मांडणारं एक पुस्तकच १८६१ मध्ये छापलं. त्याच वर्षी तो कुणाच्या आधाराविना पुन्हा कोल्हापुरात हजर झाला. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळानं हे काम आपल्याकडे घेतलं, तोवर तो आपल्याच हिमतीवर तग धरून होता. हट्टी माणूस. कोल्हापूरला हट्टी माणसं परकी वाटत नाहीत.

या जुन्या भांडणाचा रेडिओशी संबंध आहे. दूरवर फेकलेला शब्द की शेजारी उभी केलेली संस्था, हा वाद कोल्हापूरच्या मिशननं रेडिओ जन्मायच्या साठ-सत्तर वर्षं आधीच निकालात काढला होता, आणि संस्थेच्या बाजूनं.

अर्थात शब्द फेकण्याची साधनं त्यांनी टाकली नव्हती. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरायचं, रात्री पांढऱ्या कापडावर मॅजिक लँटर्नची चित्रं दाखवायची, चित्रं पाहायला जमलेल्या गर्दीपुढे बोलायचं, हा शिरस्ता होता. अहमदनगरकडे त्याहून अस्सल साधन सापडलं होतं. १८६० च्या दशकात तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उभं केलं. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग सगळं होतं, फक्त आख्यान बायबलमधलं. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांना आधी हे पचलं नाही. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ती वाट हमरस्ता करून टाकली. 'ज्ञानोदय' तर त्याही आधीचं, १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेलं. टिळक शेवटची काही वर्षं त्याच्या मराठी बाजूचे संपादक होते. छापखाना, कीर्तन, कंदील, तंबू यांतलं प्रत्येक साधन मराठी मुलखात मिशननं हाताळून पाहिलं. नवीन साधन दिसलं की ते आधी उचलायचं, ही या लोकांची खोडच होती.

पण कोल्हापूर-मिरज पट्ट्यात नाव झालं ते दवाखान्याचं. कॅनडाहून आलेल्या विल्यम वानलेस या शल्यविशारदानं १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडलं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातून, कोकणातून, थेट मुंबईकडून रोगी उतरायचे. बरा होऊन गेलेला माणूस आपल्या गावात जे सांगायचा, त्याला कुठल्या जाहिरातीची जोड लागत नव्हती. 'वानलेसला न्या' हे वाक्य दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या बोललं गेलं आहे, आणि ते बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी चर्चची पायरी कधी चढलेली नव्हती. वानलेसना १९२८ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. खुद्द कोल्हापुरात मेरी वानलेस रुग्णालय, मिशनच्या शाळा, पन्हाळ्याच्या पायथ्याकडे कोडोलीचं ठाणं, असा हा संसार पसरला. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांसाठी जी वसतिगृहं काढली, त्यांत १९१५ चं इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. म्हणजे रेडिओ येण्याआधीच ख्रिस्ती समाज हा कोल्हापूरच्या संसारातला एक घटक झालेला होता. पाहुणा राहिला नव्हता.

आता जरा पिट्सबर्गला जाऊ. २ नोव्हेंबर १९२० रोजी तिथल्या केडीकेए केंद्रानं अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून सांगितले आणि नियमित प्रसारणाचं युग सुरू झालं. बरोबर दोन महिन्यांनी, २ जानेवारी १९२१ च्या रविवारी, याच केंद्रानं कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली संध्याकाळची उपासना प्रसारित केली. मुख्य पाळकांना या खेळात फारसा रस नव्हता, म्हणून उपदेशाचं काम कनिष्ठ पाळकावर सोपवलं गेलं. यंत्रं सांभाळायला दोन तंत्रज्ञ चर्चमध्ये बसवायचे होते. ते उपासनेत विचित्र दिसू नयेत म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे चढवले. त्यांतला एक कॅथलिक होता, दुसरा ज्यू. जगातल्या पहिल्या रेडिओ-उपासनेचा हा प्रसंग कुणा विनोदी लेखकाला सुचला असता, तर अतिशयोक्ती म्हणून संपादकानं कापला असता.

तिथून पुढे अमेरिकेत दोन वाटा फुटल्या. १९२८ मध्ये एनबीसीनं ठरवलं की धर्माला वेळ द्यायचा तो फुकट, आणि तोही मोठ्या प्रतिष्ठित पंथांच्या शिखरसंस्थेमार्फत. विकायचा नाही. सीबीएसनंही १९३१ च्या सुमारास तेच धोरण धरलं. मागच्या बाकांवरचे, गावठी, जोशात बोलणारे उपदेशक त्यामुळे बाहेर राहिले. त्यांनी लहान केंद्रांवर पैसे मोजून वेळ घ्यायला सुरुवात केली, श्रोत्यांकडून देणग्या मागून तो पैसा उभा केला, १९४४ मध्ये स्वतःची संघटना बांधली, आणि १९६० मध्ये सरकारी नियामकानं विकलेला धार्मिक वेळही लोकसेवेतच मोजायला मान्यता दिल्यावर बाजी उलटली. फुकट वेळेवर विसंबलेले प्रतिष्ठित पंथ मागे पडले, गल्ला घेऊन आलेले पुढे गेले. आज अमेरिकेच्या रेडिओवर चर्चची जी जाहिरात सहज ऐकू येते, तिच्यामागे एवढं भांडण आहे.

हिंदुस्थानात हा प्रश्न या रूपात उभाच राहिला नाही. पण ख्रिस्ती संस्थांना रेडिओ सुचला नव्हता, असंही नाही. लाहोरच्या वायएमसीएनं १९२८ मध्ये स्वतःचं छोटंसं प्रसारण केंद्र चालवायला घेतलं, आणि १९३७ मध्ये ऑल इंडिया रेडिओचं केंद्र तिथं येईपर्यंत ते चालू ठेवलं. अलाहाबादजवळ नैनीला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची शेतकी संस्था होती. तिनं १९३० च्या दशकात आसपासच्या खेड्यांसाठी ग्रामीण प्रसारण करून पाहिलं. कोल्हापूर-मिरजेचं काम ज्या मंडळाकडे होतं, त्याचंच हे नैनीचं उत्तरेकडचं भावंड. हातात प्रक्षेपक आल्यावरही त्याचा भर उपदेशाच्या सरबत्तीवर नव्हता, गावाच्या उपयोगाच्या गोष्टींवर होता. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. वाइल्डर जिवंत असता तर त्यानं आपलाच मुद्दा सिद्ध झाला म्हणून मिशीला पीळ भरला असता.

देशाचा मुख्य रेडिओ मात्र दुसऱ्याच साच्यात ओतला गेला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झालेली खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांत बुडाली. सरकारनं गाडा हाती घेतला आणि १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन यांना आणलं. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं. बीबीसीचा घाट जॉन रीथ यांनी घडवलेला, आणि रीथ हे स्कॉटलंडमधल्या एका पाळकाचे चिरंजीव. रेडिओ ही लोकांना शहाणं करण्याची गोष्ट आहे, माल खपवायची नव्हे, हा त्यांचा बाणा आपल्याकडे जसाच्या तसा आला. फरक एवढाच की रीथच्या बीबीसीत ख्रिस्ती उपासनेला मानाचं पान होतं, आणि इथं अनेक धर्मांच्या देशात तसं पान कुणा एकालाच मांडणं शक्य नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींची गीतमाला बुधवारच्या रात्री गाजवू लागली, आणि हिंदुस्थानी माल विकणाऱ्या कंपन्या हिंदुस्थानी श्रोत्यांपर्यंत कोलंबोमार्गे पोहोचू लागल्या. या सिलोनच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, आणि ते जिथं व्हायचं तो स्टुडिओ जेजुइट पाद्र्यांच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारातल्या तांत्रिक संस्थेत होता. फिती तिथून कोलंबोला जायच्या.

सिनेमाची गाणी ज्या दारानं आत आली, त्याच दारानं उपदेशकही आले. सिलोनला वेळ विकायचा होता आणि अमेरिकन उपदेशकांकडे तो घ्यायला डॉलर होते. 'बॅक टु द बायबल', हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांचा 'द वर्ल्ड टुमॉरो', अ‍ॅडव्हेंटिस्टांचा 'व्हॉइस ऑफ प्रॉफेसी' हे कार्यक्रम तिथल्या इंग्रजी सेवेवर लागायचे. बोलणारे लॉस एंजेलिसच्या किंवा नेब्रास्काच्या थाटात बोलायचे. कोल्हापूरच्या न्यू शाहूपुरीत वाइल्डर मेमोरियल चर्चच्या बाकावर बसणाऱ्याला त्या बोलण्याचा कितपत उपयोग होता, हा प्रश्नच आहे.

यांतल्या अ‍ॅडव्हेंटिस्टांनी एक गोष्ट मात्र हुशारीनं केली होती. त्यांचं दक्षिण आशियाचं मुख्यालय पुण्याला, सॅलिसबरी पार्कात होतं. छापखानाही तिथंच. १९४० च्या दशकात त्यांनी तिथं टपालानं चालणारी बायबलची शाळा सुरू केली. रेडिओवरचा कार्यक्रम संपता संपता पत्ता सांगितला जायचा, पोस्टाच्या पेटीचा क्रमांक सांगितला जायचा. एक कार्ड टाकलं की पहिला धडा घरी. धड्याच्या शेवटी प्रश्न, उत्तरं भरून पाठवली की दुसरा धडा, सगळे संपले की प्रमाणपत्र. आणि हे सगळं फुकट. रेडिओवरचा तो अर्धा तास म्हणजे या टपालशाळेची जाहिरातच होती. भारताच्या हद्दीत विकत न मिळणारी जाहिरात परदेशातून विकत घेतली जात होती, आणि तिचं उत्तर मात्र पुण्याच्या पोस्टात पडत होतं. आकाशवाणीचा नियम आणि टपालखात्याची निष्ठा यांच्यामधल्या फटीत बसवलेली ही सोय होती. प्रमाणपत्र हाती पडतं म्हणून असला टपाली अभ्यासक्रम पुरा करणारे त्या काळात थोडे नसावेत. कागदाला तेव्हा मान होता.

रेडिओ ऐकणं हेही तेव्हा किती खटाटोपाचं होतं, ते आज सांगितल्याशिवाय कळत नाही. आधी पोस्टातून परवाना काढायचा. पासबुकासारखं ते पुस्तक, त्यात वर्षाला पंधरा रुपयांची तिकिटं चिकटवून शिक्के मारून घ्यायचे. नाही तर पोस्टाचा तपासनीस दारात उभा. छताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, तिची तार खिडकीतून आत. मर्फीचा किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा सेट तापायलाच वेळ घ्यायचा. मग पंचवीस मीटर, एकतीस मीटर, काटा केसाएवढा सरकवला की चिनी बाई, आणखी केसाएवढा सरकवला की अरबी अजान, मध्येच खरखर, आणि खरखरीतून अचानक स्वच्छ हिंदीत 'प्रभू येशू' म्हणणारा कुणीतरी. आवाज लाटेसारखा वर यायचा आणि बुडायचा. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या पडवीत अर्धी गल्ली बसायची. या गर्दीत बसून ख्रिस्ती माणसानं आपला कार्यक्रम लावा म्हणणं सोपं नव्हतं. गाणी लागायची वेळ झालेली असायची.

हवेतल्या परक्या आवाजांबद्दल सरकारच्या मनात अढी असायला कोल्हापूरच्या अगदी जवळचं कारणही होतं. घाटाखाली गोव्यात पोर्तुगिजांचं 'एमिसोरा द गोवा' बोलत होतं. त्याला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवलं. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, तेव्हा एमिसोराचा आवाज थांबला. प्रक्षेपक हे शस्त्र असतं, हा धडा या भागानं प्रत्यक्ष पाहिलेला आहे.

त्यात मिशनरी हा विषय तापलेला. मध्य प्रदेश सरकारनं १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी लावली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. १९५६ चा अहवाल परदेशी पैसा आणि परदेशी माणसं यांच्यावर कडक होता. त्या अहवालाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, अजूनही घेतले जातात. पण परिणाम झालाच. परदेशी मिशनरी कमी होत गेले, दवाखाने-शाळांचा कारभार देशी मंडळींकडे आला. बाकांवर बसणारे, पाळक, डॉक्टर, शिक्षक सगळे इथलेच. आणि नेमक्या याच काळात रेडिओवरचा ख्रिस्ती आवाज अधिकाधिक परदेशी होत गेला.

कारण सिलोनवरचा विकतचा अर्धा तास ही नुसती सुरुवात होती. १९७० च्या मे महिन्यात 'फेबा' या संस्थेनं हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून लघुलहरींवर प्रसारण सुरू केलं. माहे बेटाच्या कडेला प्रवाळाच्या खडकावर, भरतीच्या पाण्यात तिचे मनोरे उभे होते. खाऱ्या पाण्याचा पृष्ठभाग लहरींना मानवतो, म्हणून ही जागा. १९७८ पासून 'ट्रान्स वर्ल्ड रेडिओ'नं श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ८८२ किलोहर्ट्झवर मध्यम लहरींचं प्रसारण धरलं. प्रक्षेपक ४०० किलोवॅटचा. आपल्या सांगली केंद्राचा प्रक्षेपक वीस किलोवॅटचा, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या ताकदीचा अंदाज येतो. हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मराठीही. रात्री सूर्य बुडाला की मध्यम लहरी लांब पल्ला गाठतात, तेव्हा साध्या ट्रान्झिस्टरवरही हा आवाज पकडता यायचा. लघुलहरींचा खटाटोपही उरला नाही. मराठी बोलणारे निवेदक आपलेच होते, मुद्रणंही भारतात व्हायची, पण मनोरा परक्या भूमीवर. शेवटी पुन्हा तोच प्रकार: पत्ता, पेटी क्रमांक, पत्र पाठवा.

मला या सगळ्यात खटकतं ते एवढंच. हा आवाज सगळ्यांसाठी होता, म्हणून कुणाच्याच गल्लीचा नव्हता. कोडोलीतल्या मंडळीचा पाळक कोण, यंदा पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना कधी, मेरी वानलेसमध्ये डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी, यांतलं काही पुत्तलमहून सांगितलं जाणं शक्य नव्हतं. चर्चनं आपल्या गावाशी बोलायचं ते नेमकं याच गोष्टींविषयी. चारशे किलोवॅट त्याला निरुपयोगी होते. त्याला हवं होतं सांगलीचं मिनिट.

सांगली केंद्र १९६३ चं. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांचं ते घरचं केंद्र. पहाटेची भक्तिगीतं, शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, नाट्यसंगीत, आणि या भागाच्या बोलीची ऊब असलेली श्रुतिका, यांवर एक पिढी वाढली. आकाशवाणीनं धर्माला घराबाहेर काढलं नव्हतं. देशभरच्या केंद्रांवर पहाटेच्या भक्तिसंगीतात अभंग होते, सणावारांची भाषणं होती, नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती गीतं आणि संदेशही असायचे. पण हा वेळ आकाशवाणी देणार, आपल्या हातानं वाटून देणार. १९८० च्या दशकात विविध भारतीबाहेरच्या प्राथमिक केंद्रांवरही जाहिराती शिरल्या, तेव्हाही ते कलम तसंच राहिलं. खतं, बियाणी, पंप, तंबाखूची मशेरी नव्हे पण दंतमंजन, असं सगळं ऐकू येऊ लागलं.

या कलमाच्या बाजूनं मी उभा राहीन. ज्या शहरात अंबाबाईच्या नवरात्राला लाखो माणसं लोटतात, त्या शहरात धर्माला मिनिटं विकायला काढली असती, तर ती कुणाला परवडली असती हे सांगायला ज्योतिषी नको. लहान मंडळींच्या वाट्याला आलंच असतं तर उरलंसुरलं. नियमानं त्यांना मुकं केलं हे खरं, आणि बोलीच्या लिलावात हरण्यापासून वाचवलं हेही खरं.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल दिला. त्यातून खासगी एफएमची वाट खुली झाली. २००५ च्या धोरणानं ती मध्यम शहरांपर्यंत आणली आणि कोल्हापूरला 'पुढारी' समूहाचा 'टोमॅटो एफएम' आणि 'रेडिओ मिरची' मिळाले. आता रेडिओ खऱ्या अर्थानं कोल्हापूरचा झाला. रंकाळा, राजारामपुरी, मिसळ, तालमी, 'काय भावा' म्हणणारा निवेदक. पेठेतला सराफ, गुळाचा व्यापारी, क्लासवाले, सगळ्यांच्या जाहिराती. अमेरिकन चर्चला जे स्थानिक केंद्र १९२० च्या दशकात मिळालं होतं, ते कोल्हापूरला ऐंशी वर्षांनी मिळालं. पण परवान्याच्या अटींत जाहिरातीची आकाशवाणीचीच संहिता बांधून दिलेली होती, आणि धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी जोडलेल्या कंपनीला परवानाही मिळणार नव्हता. चर्चला केंद्र काढता येईना, आणि दुसऱ्याच्या केंद्रावर मिनिटही घेता येईना.

जुन्या कलमात धर्म आणि राजकारण जोडीनं उभे होते. ती जोडी फुटली ती राजकारणाच्या बाजूनं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं टीव्हीवर राजकीय जाहिराती आधी तपासून घेऊन दाखवायला मुभा मिळाली, आणि पुढे निवडणूक आयोगानं हीच रीत रेडिओलाही लावली. तेव्हापासून निवडणुकीच्या मोसमात एफएमवर उमेदवारांचा पाऊस पडतो. टीव्हीवर तर अख्खी भक्तिवाहिनी चोवीस तास चालवता येते, तिथं उपदेशाचा अर्धा तास विकतही मिळतो. रेडिओला मात्र जुनंच सोवळं. डिसेंबरात केकवाल्याची आणि चांदण्यांच्या आकाशकंदिलांची जाहिरात लागते, मिशनच्या शाळेला प्रवेशाची जाहिरात देता येते, दवाखान्याला शिबिराची देता येते. नाताळच्या आदल्या रात्री उपासना किती वाजता, एवढं वाक्य मात्र मुख्यत्वे धार्मिक हेतूचं ठरतं.

सेशेल्सहून येणारं प्रसारण २००३ मध्ये बंद झालं. मनोरे चालवण्याचा खर्च वाढला होता आणि लघुलहरी ऐकणारे सरत चालले होते. २०२० च्या टाळेबंदीत उपासना मंदिरांना कुलपं लागली, तेव्हा पाळकांनी मोबाईल तिवईवर लावला आणि रविवारची उपासना यूट्यूबवर आणली. परवाना नको, संहिता नको, पैसेही नकोत. दुवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला की पुण्यात नोकरीला गेलेला मुलगा, दुबईतली परिचारिका, मुंबईतली मावशी सगळी एकाच वेळी गीत म्हणतात. गटात नसलेल्या शेजाऱ्याला मात्र त्याचा पत्ता नसतो, आणि तो एफएम लावून दुकान उघडतो.